खांद्यावरची गाठ

गोव्यात सध्या सत्कार कोणाचाही असो, श्रीफळासोबत कुणबी शाल ठरलेली. तांबड्या अंगावर पांढऱ्या रेघांच्या बारीक चौकटी, काठाला जाडसर पट्टा. संमेलन असो, बँकेचा वर्धापनदिन असो की दिल्लीहून आलेला पाहुणा असो. निवेदक ‘गोव्याच्या मातीची ओळख’ असं काहीतरी म्हणतो, टाळ्या होतात आणि शाल खांद्यावर जाते. मला हे पाहून बरं वाटतं. पण मी ज्या घरात वाढले तिथे हे कापड सत्काराचं नव्हतं. ते चिखलात उतरायचं कापड होतं, आणि ते अंगावर असलं की समोरचा माणूस सरळ एकेरीवर यायचा. ही दोन्ही टोकं माझ्या एकाच आयुष्यात आली. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

गोव्यातले कुणबी आणि महाराष्ट्रातले कुणबी यांची गल्लत होते, म्हणून आधीच सांगते. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात मोडतात, आणि तिथला दाखल्यांचा वाद सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात गावडे, कुणबी आणि वेळीप हे इथले सर्वांत जुने रहिवासी समजले जातात आणि कायद्याने ते अनुसूचित जमाती आहेत. खाडीकाठच्या खाजन शेतांचे बांध घालणारे, डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करणारे, मिठागरांत राबणारे हात बव्हंशी यांचेच. आम्ही केपे तालुक्यातले. घरात कोकणी, शाळा मराठी, देवळातली भजनं मराठी.

आमच्याकडे साडीला कापडच म्हणत. आजीकडे दोन होती. एक शेताचं, एक जत्रेचं, आणि दोन्ही तांबड्या चौकटींची. फरक फक्त जुनेपणाचा. सूत जाड. नवं असताना ते पुठ्ठ्यासारखं ताठ असायचं आणि आजी ते आधी दोन-तीनदा धुऊन, आपटून वठणीवर आणायची. लांबी आजच्या साडीपेक्षा कमी. ती नेसताना मी पुष्कळदा समोर बसलेली असे. कमरेला पहिला वेढा घट्ट आवळायची, इतका की पोट आत जायचं. मग दुसरा. कापडाचा खालचा काठ गुडघ्याच्या किंचित खाली राहील इतकं वर उचलायची आणि कमरेला खोचायची. उरलेलं टोक काखेखालून पुढे घेऊन छातीवरून तिरपं वर न्यायची आणि उजव्या खांद्यावर मागच्या कापडाशी त्याची गाठ मारायची. गाठ मारली की हात वर-खाली करून, एकदा वाकून बघायची. वाकल्यावर कुठे ओढ बसली नाही, की झालं. आरसा नव्हता, पिन नव्हती, पदर सावरणं नव्हतं. दोन्ही हात मोकळे.

त्या नेसण्यातली प्रत्येक गोष्ट कामाने ठरवलेली होती. लावणीच्या वेळी दिवसभर पोटरीभर चिखलात वाकून उभं राहायचं, मग काठ वर हवाच. पदर सुटला तर रोपांची मूठ खाली ठेवावी लागते, म्हणून गाठ. पावसात भिजलेलं कापड चुलीजवळ टांगलं की सकाळपर्यंत नेसण्याजोगं व्हायला हवं, म्हणून लांबी कमी. सह्याद्रीच्या या बाजूला असंच सगळीकडे आहे. पालघरकडच्या वारली बायकांचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं किंवा रायगडातल्या कातकरी बायकांचं आखूड नेसणं पाहिलं की कामाचा तोच हिशोब दिसतो. चौकटी, रंग आणि गाठीची जागा तेवढी ज्याची त्याची. तिथे मात्र जमात दिसते. लांबून येणारी बाई आपली की दुसऱ्या वाड्यावरची, हे आजी गाठीवरून सांगायची.

आजी शेतात चोळी घालत नसे. ही गोष्ट लिहिताना आमच्या घरात अजून कोणीतरी खाकरतं, पण ती लपवण्यासारखी आहे असं मला वाटत नाही. आईने तिच्यासाठी चोळ्या शिवून आणल्या होत्या. त्या ती जत्रेला, लग्नाला घालायची. शेताकडे निघताना मात्र काढून ठेवायची. “चोळी घालून वांकपाक जायना गो,” एवढंच तिचं म्हणणं. खांद्यात आवळणारी चोळी घालून आठ-आठ तास लावणी करून बघितलेल्या कोणीही तिच्याशी वाद घातला नसता.

या चोळीचा गोव्यातला इतिहास मी पुढे कॉलेजात वाचला आणि कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसून राहिले. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली एक फर्मान काढलं. धर्मांतरित ख्रिस्ती लोकांनी हिंदूंसारखं दिसू नये, त्यांच्यासारखं काही करू नये, यासाठीच्या मनाईंची ती लांबलचक यादी आहे. लग्नातली हळद, फुलं, विडे, गाणी, सगळं त्यात आहे. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये आणि बायकांनी हिंदू बायकांसारखी चोळी घालू नये, हेही आहे. अ. का. प्रियोळकरांनी ही कागदपत्रं उजेडात आणली, म्हणून आपल्याला ती वाचता येतात. म्हणजे एका काळी चोळी घातली म्हणून गुन्हा होत होता, आणि माझ्या आजीच्या काळात ती घातली नाही म्हणून लोक नाकं मुरडत होते. दोन्ही वेळा बाईला कोणी काही विचारलं नाही. ती काय काम करते, तिला वाकता येतं का, घाम कुठे जातो, याची चौकशी फर्मान काढणाऱ्यालाही नव्हती आणि नाक मुरडणाऱ्यालाही नव्हती.

धर्म बदलला, कापड राहिलं, हीसुद्धा गोव्याचीच गोष्ट. सासष्टीतल्या ख्रिस्ती गावडा-कुणबी बायका तेच चौकटीचं कापड नेसत. ख्रिस्ती समाजात त्यावरून सरळ दोन थर पडले होते. फ्रॉकला विस्तीद म्हणत. विस्तीद घालणारी आणि कापड नेसणारी, एवढ्यावरून कोण कुठल्या घरातली ते कळायचं. १९२८ मध्ये साताऱ्याकडच्या मसूरचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात आले आणि शुद्धीची मोठी मोहीम झाली. त्यात ७,८१५ ख्रिस्ती गावडे हिंदू झाल्याची नोंद आहे. पण जे आधीपासून हिंदू होते, त्या गावड्यांनी त्यांच्याशी रोटी-बेटी सुरू केली नाही. त्यामुळे हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे आणि नवहिंदू गावडे असे तीन झाले. देऊळ वेगळं, इगर्ज (चर्च) वेगळी, सोयरीक वेगळी. पण शेताच्या बांधावर तिघींना एका रांगेत वाकलेलं पाहिलं असतं तर कोण कुठली ते मागून ओळखता आलं नसतं. मला या इतिहासातलं हेच चित्र सर्वांत खरं वाटतं. धर्माच्या वाटण्या करणारे लोक घाटावरून आले, समुद्रावरून आले. बांधावरच्या बायकांच्या अंगावरची चौकट त्यांच्याआधीची होती.

आता आईबद्दल. आईने कापड नेसणं सोडलं ते तिच्या विशीत. ती मडगावच्या बाजारात भाजी घेऊन बसायची: तांबडी भाजी, वाल, पावसात डोंगरावरच्या रानभाज्या. पहाटेच्या पहिल्या बसने निघायची. “कापड नेसून बसलं की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधीच निम्मा करायचं,” ती सांगते. “बाजूला पाच वारी नेसलेली दुसऱ्या गावची बाई बसायची. तिला ‘बाई, कशी दिली?’ आणि मला ‘कितल्याक गो?’ भाजी दोघींची एकाच डोंगरावरची.” एका पावसाळ्यात तिने कुळीद विकलेल्या पैशांतून फुलाफुलांची नायलॉनची साडी आणि शिवलेलं पोलकं घेतलं. आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते दुसऱ्याच विषयावर.

गोव्याबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण इथे ‘गावडो’ आणि ‘कुणबी’ या शिव्या होत्या. एखादा मुलगा बावळट वागला, कुणाला काटा-चमचा धरता आला नाही, कुणाचा उच्चार गावठी निघाला, की ‘किती गावडो तूं!’ मी शाळेत होते तेव्हा माझ्या वर्गात हे शब्द सर्रास उडत, मास्तरांच्या तोंडूनसुद्धा. ते शब्द उच्चारणाऱ्यांना समोर बसलेली आम्ही चार-पाच मुलं कोण आहोत हे माहीत असायचंच असं नाही. आमच्या अंगावर गणवेश होता. गणवेशाचं मला त्यासाठी आजही मोठं अप्रूप आहे.

म्हणून आईने कापड सोडलं याबद्दल कोणी ‘परंपरा लोपली’ असा सुस्कारा टाकला की मला राग येतो. तिने ते लाजेने सोडलं नाही; रोज पहाटे घराबाहेर पडून चार पैसे मिळवणाऱ्या बाईने स्वतःसाठी थोडा मान विकत घेतला. त्या पैशांतून माझी फी गेली. परंपरेच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांपैकी एकानेही बाजारात तिला ‘बाई’ म्हटलं असतं, तर कदाचित तिने कापड बदललं नसतं.

मग २००३ साल आलं. त्याआधी गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली अशी नावं होती. १९६८ ची यादी गोवा, दमण आणि दीव यांची एकत्र होती, त्यामुळे ती गुजरातकडे जास्त झुकलेली. इथले गावडे, कुणबी, वेळीप तीत नव्हतेच. २००१ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्यात अनुसूचित जमातींची माणसं किती, तर ५६६. जानेवारी २००३ मध्ये आमची तीन नावं यादीत आली. २०११ च्या जनगणनेत तो आकडा १,४९,२७५ झाला, राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडा जास्त. माणसं तीच, डोंगर तेच, कागद तेवढा बदलला.

पण त्या कागदाला पुरावा लागतो, आणि पुराव्याच्या निकषांत कापड पुन्हा येतं. एखादी जमात अनुसूचित ठरवताना १९६५ च्या लोकूर समितीचे निकष अजून धरले जातात: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजात मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. हे निकष मी प्रथम वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली, उजव्या खांद्यावर गाठ मारलेली. जिच्या नेसण्याला इतकी वर्षं नाकं मुरडली, तिचं तेच नेसणं आता ‘वेगळी संस्कृती’ म्हणून फायलीत लागणार होतं. आमच्या संघटनांच्या कार्यकर्त्यांनी दाखल्यांसाठी आणि हक्कांसाठी पायपीट केली, निवेदनं दिली, मोर्चे काढले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर अशा चौघांच्या नावांवरून त्यांतल्या एका संघटनेचं ‘गाकुवेध’ हे नाव पडलं. चौघांपैकी तिघे आत गेले, धनगर बाहेर राहिले, ते आजही बाहेर आहेत. गोव्यातल्या गवळी-धनगर बायकांचा पेहराव दुरून ओळखू यावा इतका वेगळा होता. यादीत येण्यासाठी तेवढं पुरलं नाही.

काणकोण ओलांडून पलीकडे गेलं की कारवार, अंकोला. तिथल्या हालक्की समाजाच्या तुळसी गौडांना २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री मिळाली तेव्हाचा फोटो अनेकांना आठवत असेल. अनवाणी पाय, आखूड नेसलेलं कापड, गळाभर मण्यांच्या माळा. सगळा देश त्या फोटोवर हरखला होता. आमच्या घरी आईने तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “गाठ आमच्यापेक्षा वेगळी आहे.” रोपवाटिकेत आयुष्य घालवून लाखभर झाडांची नड जाणणारी ती बाई २०२४ च्या डिसेंबरात गेली. हालक्कींची अनुसूचित जमातीत घेण्याची मागणी त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. पेहराव साऱ्या जगाला दिसतो, पण त्याने सरकारी रकाना भरत नाही.

गोव्यात मात्र पेहरावाला भलतेच चांगले दिवस आले. २०१० च्या सुमाराला वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड फॅशनच्या मंचावर आणलं. ते कोलवाळचे, गोव्याच्या पोशाखाचा कसून अभ्यास केलेले डिझायनर, आणि २०२० मध्ये ते गेले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी हे कापड कुणाचं हे झाकलं नाही, नावानिशी सांगितलं. एवढी गोष्टही आधी कोणी केली नव्हती. त्यानंतर कुणबी साडी दुकानांत आली: लांबी पूर्ण, सूत मऊ, तांबड्याबरोबर निळ्या, काळ्या, मोरपिशी चौकटीसुद्धा. विद्यापीठातल्या प्राध्यापिका ती नेसतात, आमदार नेसतात, गोवा मुक्तिदिनाला शाळेच्या बाई नेसतात. माझ्या एका मैत्रिणीने लग्नाच्या रिसेप्शनला नेसली. तिच्या घरात तीन पिढ्यांपूर्वी आमच्या लोकांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. तिने ती प्रेमाने, माहिती करून घेऊन नेसली, आणि मी तिच्या पदराला पिन लावून दिली.

तिच्यावर माझा राग नाही. कापड ही वापरायचीच वस्तू आहे. ते कपाटात कुलूपबंद ठेवून कोणाचं भलं होणार नाही. आमच्याच बायकांनी ते नेसावं, बाकीच्यांनी हात लावू नये, असं म्हणणारी तरुण मुलं आमच्यात आहेत. त्यांचा संताप मला कळतो, पण मार्ग पटत नाही. माझा सवाल पैशाचा आणि हातांचा आहे. आम्ही विणकर नव्हतो. विणणारे वेगळे होते, आम्ही धान्य किंवा रोकड देऊन घेत होतो. गिरणीचं कापड आलं तसे गोव्यातले ते माग एकेक करत थांबले. आज बाजारात ‘कुणबी’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं कितीतरी यंत्रमागाचं आहे. चौकट तीच, पण हात लावला की सुताचा सपाटपणा कळतो. हातमागाचं प्रशिक्षण कुठे कुठे सुरू आहे आणि त्यात आमच्या मुली आहेत, ही मला या सगळ्यातली सर्वांत आशेची गोष्ट वाटते. माझ्या मामेबहिणीची मुलगी असाच एक कोर्स करते आहे. तिने मला मागावर बसवून दाखवलं: तांबड्या ताण्यात पांढरा धागा किती घरांनी येतो, आणि आडवा पांढरा टाकताना एक फेरा चुकला की चौकट लांबट होते आणि वितभर उसवावं लागतं. एका साडीला तिला किती दिवस लागतात आणि त्याचे तिला किती सुटतात, हे ऐकल्यावर मी सत्काराच्या शालीची किंमत नेहमी विचारते. आयोजकांना ते आवडत नाही.

नाचाचंही असंच झालं. आमच्याकडे फुगड्या, धिल्लो. तिकडे उत्तरेला पौषात धालो. धालो मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर, होतात, रात्रीचे, बायकांचे. पुरुषांना तिथे काम नाही. आता त्यांच्या स्पर्धा होतात, वीस मिनिटांच्या, मंचावर, माइक लावून. सगळ्यांची एका रंगाची साडी, एका मापाची आबोलीची फांती. कुणबी नाच तर प्रजासत्ताकदिनाच्या चित्ररथांवर, हॉटेलांच्या हिरवळीवर, कार्निव्हलमध्येही असतो. मी एकदा अशा कार्यक्रमात हिरवळीच्या मागे उभी होते. नाच संपल्यावर बायका आडोशाला आल्या, भराभर चौकटीचं कापड उतरवून घड्या करून पिशवीत भरलं, आपापले ड्रेस घातले आणि टेम्पोत बसल्या. कापड मंडळाच्या मालकीचं होतं. एकजण मला म्हणाली, “उद्यां आनीक एक प्रोग्राम आसा, धुवंक वेळ ना.” त्यांचा कंटाळा खरा होता आणि मिळणारे पैसेही खरे होते, आणि त्यांनी ते घ्यावेतच. पण गाठ मात्र एकीचीही नव्हती. खांद्यावर सगळ्यांना सेफ्टी पिन लावली होती. नेसवणाऱ्याला गाठ येत नव्हती.

कापडाला असा मान मिळत असताना ते नेसणाऱ्यांच्या वाट्याला काय येत होतं, त्याची एक तारीख आम्हा सगळ्यांना पाठ आहे. २५ मे २०११. यादीत नाव येऊन आठ वर्षं झाली तरी त्याबरोबरचे हक्क मिळेनात, म्हणून केपे तालुक्यातल्या बाळ्ळीला मोठं आंदोलन झालं. रस्ता अडला, तणाव वाढला, आणि एका इमारतीला लावलेल्या आगीत मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप हे आमचे दोन तरुण गेले. कुणबी साडी नुकतीच मंचावर चढली होती तेव्हाची ही गोष्ट. एकाच काळात आमचं कापड दिव्यांच्या झोतात होतं आणि आमची मुलं जळत होती. यावर मला आणखी शब्द सुचत नाहीत. विधानसभेत जमातीसाठी राखीव जागा ठेवण्याचा मार्ग मोकळा करणारं विधेयक संसदेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं.

सध्या मात्र माझं सगळं लक्ष काणकोणकडे लागलेलं आहे, माझ्या मावशीच्या डोंगरावर.

तिच्या सासरच्यांची तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची कुमेरी होती. नाचणी, वरी, कुळीद. पुढे कुमेरीवर बंधनं आली, मग काजू लावले. जमीन कसत आले, पण कागदावर ती जंगलाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा जमिनीवर दावा करता येतो. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ती जमीन कसत असल्याचं दाखवायचं असतं. बाकीच्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. म्हणून २००३ चं ते यादीतलं नाव मावशीसाठी लाखमोलाचं आहे. कायद्यात पुरावे म्हणून घर, बांध, विहिरी, देवस्थानं, दफनभूमी आणि वृद्धांचे जबाबही धरतात. तरी गोव्यात या दाव्यांचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मावशीची पाहणी तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. एकदा तर ती सकाळपासून डोंगरावर थांबली होती आणि कोणी आलंच नाही, कोणी कळवलंही नाही.

गेल्या महिन्यात वाड्यावर बैठक झाली तेव्हा मी गेले होते. कागद लावायला मदत करणारा एक चांगला, तळमळीचा मुलगा मावशीला म्हणाला, “पाहणीला येतील तेव्हा कापड नेस गो मावशे. फोटो काढतात. आदिवासी दिसायला हवी.” त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्याला अनुभवाने शहाणपण आलं होतं. मावशी काजूच्या बिया निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, “काजू पुंजावपाक वतां तेंच न्हेसून येतलें हांव.”

काजू वेचायला ती काय घालून जाते ते मी सांगते. फुलाफुलांची मॅक्सी, त्यावर काकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण काजूच्या डिकाने कातडी पोळते आणि झुडपं ओरबाडतात. डोक्याला टॉवेल. मॅक्सी घोट्यापर्यंत लोंबते आणि उतारावर पायात येते, म्हणून डाव्या बाजूला ती गुडघ्यापर्यंत गोळा करून कमरेशी तिची घट्ट गाठ मारलेली असते. कोकणात आणि गोव्यात शेतात राबणारी कुठलीही बाई आज अशीच दिसते. त्या पोशाखाचं कोणी प्रदर्शन भरवत नाही. पण कापड घडवणारी अक्कल कुठे गेली असं मला कोणी विचारलं, तर मी त्या मॅक्सीच्या गाठीकडे बोट दाखवेन. आजीने वाकून बघितलं असतं आणि मान डोलावली असती.

त्या मुलाने पुन्हा आग्रह केला नाही. उलट वहीत लिहून घ्यायला बसला, आणि मावशी सांगत गेली. उतारावरच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. सासऱ्याने लावलेला फणस कुठला, विहीर कोणत्या साली बांधली, देवाची राय कुठून सुरू होते, नाचणीचं खळं कुठे होतं, कुठल्या दगडावर सासू बाळंतपणाच्या कळा येऊन बसली होती. सतरा तुकडे, सतरा नावं. दोन नावं शेजारच्या म्हाताऱ्या वेळीपकाकांनी दुरुस्त केली, त्यावर थोडा वाद झाला, आणि शेवटी काकांचं खरं ठरलं. मी नकाशावर खुणा करत होते. पाहणीची चौथी तारीख आली आहे, पुढच्या महिन्यातली. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. नकाशाची एक प्रत मावशीकडे, एक पंचायतीत आणि एक माझ्या पिशवीत आहे, आणि वेळीपकाकांना चढ चढवत नाही म्हणून त्यांना वर न्यायला शेजारच्या पोराची मोटारसायकल सांगून ठेवली आहे.